वाळूला नाही म्हणू नये

हौसाआत्याची जमीन नदीत होती. असं मी म्हटलं की आमच्या सूनबाई हसतात आणि नातीला वाटतं, आजी आता भ्रमिष्ट व्हायला लागली. नदीत कुठं जमीन असते का? असते बाई. ताथवड्याला सोळाव्या मजल्यावर तुमचं घर असू शकतं, तर नदीत जमीन असायला काय झालं? पवनेला तेव्हा वर धरण नव्हतं. दिवाळी सरली की पाणी उतरायला लागायचं, आणि पौषापर्यंत नदी पलीकडच्या काठाला सरकून, गुडघाही भिजणार नाही इतकी बारीक होऊन बसायची. उरलेल्या पात्रात नुसती वाळू. जाड, पिवळसर, अनवाणी चालताना करकरणारी. त्या वाळूत उन्हाळाभर खरबुजं, कलिंगडं, काकड्या आणि वाळकं पिकायची, आणि त्यांच्यावर गावातली ती माणसं जगायची ज्यांच्या नावावर काठावर वीतभरही काही नव्हतं. हौसाआत्या त्यांतली.

ती आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी तिला जमिनीतून बेदखल केलं, तेव्हा आबा जाऊन तिला घेऊन आले. माहेरी आलेल्या विधवा बहिणीनं कसं राहायचं ह्याची तेव्हा ठरलेली चाकोरी होती. भावजयीच्या आधी उठायचं, तिच्यानंतर जेवायचं, आणि मधल्या वेळात कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. आत्यानं पहिल्याच हिवाळ्यात पडवीच्या टोकाला तीन दगड मांडले आणि आपली वेगळी चूल पेटवली. आई रागावली. "वन्सं, मी काय तुमाला उपाशी ठेवत हुते व्हय? गाव काय म्हनंल?" आत्या म्हणाली, "गाव म्हनंल, हौसाला चूल पेटवता येती." ह्यावर आई दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आत्याच्या चुलीवरची आमटी चाखून म्हणाली की मीठ जास्त झालंय. त्या दोघींचं नंतर जन्मभर असंच जमलं. मला मात्र दोन घरं झाली. आईची बाजरीची भाकरी आणि आत्याचं हुलग्याचं माडगं असं दोन्हीकडचं मी रोज हादडत असे.

वाळूची वाटणी कार्तिकात व्हायची आणि ती करण्याचा मान आमच्या घराचा होता. आबा कासरा धरून पात्रात उतरायचे आणि काठापासून धारेपर्यंत पट्टे मोजायचे. कुणाला कुठला पट्टा हे सोडतीनं ठरे. ज्यानं त्यानं आपली एक खूण द्यायची, कुणी सुपारी, कुणी कवडी, कुणी काचेच्या बांगडीचा तुकडा, ते सगळं टोपलीत फडक्याखाली, आणि आमच्या घरातल्या पोरीनं एकेक काढायची. ती पोर मी. कागद नाही, अंगठा नाही, तलाठ्याला कुणी बोलवायचं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो पट्टा ज्याचा त्याचा, मग पूर येई, सगळं पुसून नेई आणि नवी वाळू आणून टाकी. काठावर ज्याची जमीन आहे त्याला ह्या वाटणीत बसता येत नसे. आबांना स्वतःला त्यातली ओंजळभर वाळू मिळायची नाही, आणि ह्याच गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. वाटणी करून घरी आले की मोठ्या लग्नात वाढपी म्हणून मिरवून आल्यासारखे दिसायचे.

वाळूची दुसरीही एक रीत होती. गावात कुणी घर बांधायला काढलं की तो नारळ घेऊन आबांकडे यायचा. दोघं नदीवर जायचे, पाण्याच्या कडेला नारळ फुटायचा, आणि तिथून घर पुरं होईस्तोवर लागेल तेवढी वाळू त्यानं न्यावी. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. "ताकाला आन वाळूला न्हाई म्हनू नये," असं आमच्याकडे म्हणायचे. आणि एकदा नारळ फुटला की मध्येच अडवायचं नाही, कारण अर्ध्यावरचं घर अडवणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं. आता ह्या रीतीत खोट काय सांगा. दोन खणांची घरं, मातीच्या भिंती, वाळू लागायची ती जोत्याला आणि गिलाव्याला. बैलगाडीच्या काही खेपा झाल्या की माणूस येऊन हात जोडायचा, घर झालं म्हणायचा. नदीत पडलेला खळगा पुढच्या पुरात भरून निघे. असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे.

आत्याची वाळूतली वाडी बघायला मला फार आवडायचं, कारण त्यात आधी दिसायला काहीच नसे. मार्गशीर्षात ती वाळूत लांब लांब चर काढायची, खालचा ओलावा हाताला लागेपर्यंत. त्यात धनगराकडून आणलेलं लेंडीखत आणि काठचा गाळ घालायची. खरबुजाच्या बिया भिजवून, फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवलेल्या असत. मोड फुटले की त्या एकेक करून चरात. पश्चिमेच्या बाजूला तरवडाच्या फांद्यांचं कुंपण, वाऱ्यानं वाळू उडून रोपांवर बसू नये म्हणून. पहिले काही आठवडे तांब्यानं पाणी, आणि मग एक दिवस ती पाणी घालणं बंद करायची. मी विचारायची, आता? ती म्हणायची, "आता त्येचं ते बघंल. मूळ पान्याला गेलं." वर ऊन रणरणतंय, वाळूवर पाय ठेवला तर भाजतोय, आणि त्या वाळूवर हिरवागार वेल पसरलाय, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

चैत्र लागला की घराला वास यायचा. पिकत्या खरबुजाचा तो वास लपवता येत नाही. आई फोडींवर गूळ किसून घालायची, वाळकाची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, आणि दुपारी जेवून हात धुतले की बायका पडवीत बसून बिया सोलायच्या. त्यांच्या दातांखाली बी फुटल्याचा टक टक आवाज, त्यात बोलणं, त्यात कुणाची तरी निंदा. आत्या माल पाटीत भरून चिंचवडच्या बाजाराला जायची, कधी आळंदीला एकादशीच्या गर्दीत बसायची. त्यावर तिचं वर्षाचं मीठमिरची, लुगडं आणि ताठ मान चालायची. ताठ मान मी मुद्दाम लिहिते. आईच्या घरात बसून आईला टोमणे मारायचे तर स्वतःचं काहीतरी असावं लागतं.

प्यायचं पाणीही त्याच वाळूतलं. वाड्यांच्या खालच्या बाजूला झिरा होता. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करायचा, थोडं थांबायचं, आणि तळाशी काचेसारखं पाणी गोळा व्हायचं. करवंटीनं ते हंड्यात भरायचं. घाई करून चालायचं नाही, ढवळलं की गढूळ. म्हणून तिथं बायका उकिडव्या बसून वाट बघत असायच्या आणि गावातली सगळी लग्नं, भांडणं, बाळंतपणं तिथंच निघायची. त्या पाण्याला चव होती. आता आमच्या सोसायटीत टँकर येतो, त्या पाण्याला मशीन लावून गाळतात, आणि वर लिंबू पिळतात, तरी मला ते गिळवत नाही. म्हातारीचे नखरे म्हणतात. म्हणोत.

मुकादम आला तेव्हा वाटणी होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. सोलापूरकडचा माणूस, काळा, ठेंगणा, बोलायला अतिशय गोड. पुलापलीकडच्या माळावर कसला तरी कारखाना उठणार होता, त्याच्या बांधकामाला माल पुरवायचं काम त्याच्याकडे होतं. वाळू कुणाला विचारून न्यायची हे त्यानं गावात शिरतानाच विचारून घेतलं असणार, कारण त्याच्या हातात नारळ होता. आबांना तेवढंच पुरलं. सरकारी माणसं येत, काठी रोवून, दुर्बिणीतून बघून, न बोलता निघून जात. हा माणूस मात्र रीत पाळत होता.

"घर केवढं हाय?" आबांनी विचारलं.

"घर न्हाई मालक. कारखाना हाय."

"कारखाना तर कारखाना. किती खणांचा?"

"ते मला काय ठावं. सायब आखतो, मी माल टाकतो. पर मोठा हाय."

"मोठा असू दे. मोठ्याला दोन गाड्या जास्ती लागतील," आबा म्हणाले. त्यांनी चिंचवडचा मोठा वाडा पाहिला होता, पुण्यातल्या पेठा पाहिल्या होत्या. त्यांच्या डोक्यात मोठं म्हणजे तेवढं. मुकादमानं मग खिशात हात घातला आणि आबांचा चेहरा उतरला. "आमी वाळू इकत न्हाई," ते म्हणाले. मुकादमानं लगेच हात जोडले. नदीवर जाऊन नारळ फोडला. मला त्यातला तुकडा मिळाला, गोड होता.

मी पुष्कळदा विचार करते की आबांनी त्या दिवशी पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. विकलेल्या मालाला माप असतं. दिलेल्याला नसतं.

आठवडाभरात काठ फोडून उतार केला आणि ट्रक पात्रात आले. लष्कराचे जुने ट्रक, देहूरोडच्या बाजूनं आलेले, हिरवा रंग अजून अंगावर होता. आम्ही पोरं काठावर बसून बघायचो. फावड्यांचा खर्र खर्र आवाज दिवसभर चालायचा, आईला त्यानं दात आंबल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला सांगू, गाव खूश होतं. पोरांना हजेरीवर काम मिळालं. ज्यांना सणासुदीलाच नवं धोतर दिसायचं त्यांच्या अंगावर मधल्याच महिन्यात नवं दिसायला लागलं. कारखाना उभा राहिला की आत नोकऱ्या मिळतील म्हणत. त्याही पुढे मिळाल्या. माझा नवरा अशाच एका कारखान्यात जन्मभर शिफ्ट करून निवृत्त झाला, त्याच पगारावर माझी मुलं इंजिनिअर झाली. तेव्हा मी कारखान्याला शिव्या द्यायला बसले तर माझंच तोंड पोळेल. आपलेच दात नि आपलेच ओठ.

आत्या मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होती. ट्रक खालच्या वळणावर भरत होते, पण रोज थोडे वर सरकत होते. एक दिवस ती सरळ मुकादमाकडे गेली, आणि आबांना ओढत घेऊन गेली. तिचं म्हणणं सोपं होतं. खालच्या अंगाची वाळू कारखान्याला, वरच्या अंगाची वाड्यांना आणि झिऱ्याला. मध्ये खुंट ठोकायचे, त्याच्या वर फावडं लावायचं नाही. मला वाटलं, मुकादम हसेल. तो म्हणाला, "बाई, तुमी म्हनाल तिथं ठोका." बाभळीचे खुंट आणले, ह्या काठापासून त्या काठापर्यंत ओळीनं ठोकले, आत्यानं जागा दाखवायची आणि मुकादमाच्या माणसांनी घण घालायचा. झिऱ्याच्या खाली चांगली मोकळी जागा सोडून ओळ गेली. आबा घरी येऊन आईला म्हणाले, "मिटलं. त्येंचंबी चालंल, आपलंबी चालंल." त्या रात्री दोन्ही चुलींवर गोडाचं झालं होतं. आम्हाला वाटलं, आपण फार शहाणे.

होळीच्या आधी आत्याच्या वेलांना फळं धरली होती, लिंबाएवढी, काही पेरूएवढी. उन्हात पानं मलूल व्हायची हे नेहमीचं. संध्याकाळी ती परत ताठ व्हायची. एका संध्याकाळी झाली नाहीत. आत्या म्हणाली वाऱ्यानं असेल. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तेव्हा ती गुडघ्यावर बसली, आणि वेलाच्या बुडाशी हातानं वाळू उकरू लागली. मनगटापर्यंत कोरडी. कोपरापर्यंत कोरडी. मग ती मला म्हणाली, "शेवंते, तुजा हात बारीक हाय, तू घाल." मी पोटावर आडवी झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना नुसती गार कोरडी वाळू लागली, आणि हात काढला तेव्हा त्याला एक कणही चिकटला नव्हता. आत्यानं माझा हात उलटासुलटा करून बघितला. बराच वेळ बघितला. झिऱ्यावरही त्याच सुमाराला बायका दुपारभर बसून अर्ध्या हंड्यानं परतायला लागल्या होत्या.

ती उठून खाली गेली, मी मागोमाग. खुंटांच्या पलीकडं पाऊल टाकायला जागा नव्हती. एवढं खोल गेलं होतं की तळाचा काळा कातळ उघडा पडला होता, आणि त्या खड्ड्यात पाणी होतं. हिरवं, संथ, भरपूर पाणी. आमचं. वरच्या वाळूतून पाझरून सगळं तिथं येऊन बसलं होतं, आणि काठावर इंजिन ठेवून ते बांधकामाला उपसत होते. जितकं उपसत तितकं वरून येत होतं. आत्या खुंटाशी उभी राहिली तेव्हा तिच्या पायाखालची वाळूही हळूहळू घसरून खड्ड्यात चालली होती.

मुकादम धावत आला. त्याला कळलं होतं. "बाई, खुटाच्या ह्या अंगाला माजं एक फावडं आलं असंल तर माज्या तळहातावर निखारा ठेवा," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. एकही खुंट हललेला नव्हता. त्यानं शब्द तंतोतंत पाळला होता. मला वाटतं, त्यानं लबाडी केली असती तर आत्याला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. ती माघारी वळली. बांध घालून शेत वेगळं करता येतं, वाळूत खुंट ठोकून पाणी वेगळं होत नाही, हे काही तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिला ते वेगळं व्हायला हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. अजूनही बैठका होतात, नकाशावर निळी रेघ मारतात, रेघेच्या ह्या बाजूला बांधा आणि त्या बाजूला नदी राखा म्हणतात. आमच्या सोसायटीचे चेअरमन अशा एका बैठकीला जाऊन आले आणि आनंदानं सांगत होते की सगळं ठरलंय. मी त्यांना चहा दिला.

संध्याकाळी आबा जेवायला बसले होते. आत्या येऊन उंबऱ्याशी उभी राहिली.

"दादा, त्येला थांबीव."

"नारळ फुटलाय, हौसा."

"फोडलास तू. वाडी माजी गेली."

"अर्ध्यात घर अडवायचं? आपल्या बापानं कवा कुनाचं अडवलं न्हाई."

"घर पुरं हुतं. हे कवा पुरं हुनार हाय, इचारलंस का?"

आबांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. ते म्हणाले, पुढच्या पुरात वाळू येईल. आत्या म्हणाली, "आन तवर?" आणि आबांनी, अगदी मनापासून, प्रेमानं, तिला जगातलं सर्वांत वाईट उत्तर दिलं. "तवर घरात खा. हे तुजं घर न्हाई व्हय?"

आत्याचा चेहरा मी पाहिला. तिला कुणी मारलं असतं तरी ती अशी दिसली नसती.  बोलली ती आई, आणि तिनं आबांपुढं तोंड उघडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "घरात खा म्हनायला मी हाय. तुमी वाळूचं काय ते बोला." आबा ताटावरून उठले. वाळूचं ते काहीच बोलले नाहीत. त्यांना राग आला नव्हता. ते घाबरले होते. शब्द फिरवला तर आपण कोण उरतो, ह्याची ती भीती होती. आणि गावातली निम्मी पोरं त्या फावड्यांवर होती, त्यांच्या आयांपुढं कुठल्या तोंडानं जायचं हेही होतं. आज मला त्यांची कीव येते. तेव्हा आली नाही. तेव्हा मला ते नको झाले होते.

पुढचे काही दिवस आत्यानं धारेवरून हंड्यानं पाणी वाहून बघितलं. वाळूनं ते ओतल्याबरोबर गिळलं, वेलाला पोचलंच नाही. मग एके सकाळी तिनं वाडी काढली. वेल मुळासकट ओढून भारे बांधले आणि आमच्या म्हशीपुढं टाकले. म्हैस चवीनं खात होती, आत्या तिच्याकडं बघत उभी होती. हिरवी कोवळी फळं होती त्यांची तिनं भाजी केली, भरपूर तिखट घालून, आणि दोन्ही घरं मिळून आम्ही ती खाल्ली. कडू होती. कुणी तसं म्हटलं नाही. तिच्या शेजारच्या पट्ट्यांचंही तेच झालं, पण त्या बायकांना घरात मिळवते पुरुष होते.

पुराचं सांगायचं तर पूर आला. वाळूही आली, पातळ, चिखलमिश्रित, खड्ड्याचा तळ झाकण्यापुरती. दसऱ्यानंतर ट्रकही आले. एक कारखाना पुरा झाला तर दुसऱ्याचा पाया निघाला, मग त्यातल्या माणसांची घरं, मग त्या घरांना रस्ते, आणि पहिला नारळ सगळ्यांना पुरला. काही वर्षांनी वर धरण झालं तेव्हा पुराबरोबर वाळूही यायची थांबली. आता आमच्या गॅलरीतून पवना दिसते, म्हणजे जलपर्णी दिसते, हिरवी सपाट. पाहुणे म्हणतात काय छान हिरवळ आहे. बांधकामाला आता दगड दळून वाळू करतात. नदीत घ्यायला काही उरलेलं नाही, म्हणून आता नदीला त्रास नाही, असं म्हणायचं.

पण मला सांगायचं होतं ते त्याच उन्हाळ्यातलं. वाडी काढल्यावर आत्या दोन दिवस पडवीत बसून राहिली. आई तिच्यापुढं ताट ठेवायची आणि ती निमूट जेवायची, एकदाही म्हणाली नाही की मीठ कमी आहे. त्यानं आई घाबरली. मला हळूच म्हणाली, "तिला काय तरी बोलाय लाव गं." तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या पडवीत नव्हती. दुपारी मी नदीवर गेले तर मुकादमाकडच्या मजूर बायांच्या रांगेत, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूचं घमेलं, आत्या. खुंट आता उपटून बाजूला टाकले होते. वरच्या वाड्या मेल्याच होत्या, तेव्हा राखायचं काही उरलं नव्हतं, आणि वरच्या अंगाला फावडी लावायला कुणी हरकत घेतली नव्हती. ते तिच्याच पट्ट्यात खणत होते. मी हाक मारली. ती थांबली नाही. परत येताना म्हणाली, "परक्या बाईनं भरण्यापरीस मीच भरते. मला ठावं हाय कुठं मऊ लागती."

आबांना ते चावडीवर कळलं. आमच्या घराची लेक मजुरीवर, तीही नदीत, तीही त्यांनी दिलेल्या वाळूवर. ते तिथून उठले ते डोक्याला पागोटंही न बांधता नदीवर आले. उतारावरून खाली येताना त्यांचा पाय घसरला, हात टेकून उठले. मी आधीच तिथं होते. ते ट्रकच्या पुढं, वाटेतच जाऊन उभे राहिले आणि मुकादमाला म्हणाले, "बास. काम बंद कर. दिलेली वाळू मी माघारी घेतो."

सगळी फावडी थांबली. मुकादम जवळ आला. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यानं हात जोडले. "मालक, तुमी दिली, तुमी घेतली. आज बंद करतो. पलीकडच्या गावानं नारळ घेतलाय, उद्यापासनं ट्रक तिकडं जातील. तिथल्या बाया तिथं लागतील." मग त्यानं रांगेकडं हात केला. "ह्या बायांना तेवढं तुमी सांगा. मला सांगवत न्हाई."

आबा वळले. रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. आत्यानं घातली नव्हती. ती घमेलं डोक्यावर तसंच धरून पुढं आली, भावाच्या अगदी जवळ.

"दादा, नको थांबवू."

"हौसा, तुज्यासाठीच आलोय."

"माज्यासाठी बोलायचं हुतं तवा तुला बोलता आलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता हीच माजी भाकरी हाय. सर बाजूला."

आबा हलले नाहीत. आत्या त्यांना वळसा घालून गेली, घमेलं ट्रकमध्ये रिकामं केलं आणि परत जाऊन रांगेत उभी राहिली. मुकादम आबांकडं बघत होता, आबा जमिनीकडं. ट्रक भरला. ड्रायव्हरनं भोंगा दिला, एकदा, मग पुन्हा. आबा बाजूला झाले.